चंद्रावरून आलेले उलटे चित्र : एका रूपांतराचा इतिहास

चित्रफितीची फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलणाऱ्यांच्या चार तक्रारी ठरलेल्या असतात. चित्र उलटे किंवा आडवे होते. काळे ते अधिकच काळे आणि पांढरे ते डोळ्यांवर येणारे दिसू लागते. हलणाऱ्या माणसामागे त्याचीच पुसट छाया ओढली जाते. चौथी तक्रार उशिरा येते आणि तिच्यावर इलाज नसतो : बदललेली प्रत ठीक चालते असे पाहून मूळ फाइल पुसून टाकलेली असते.

या चारही गोष्टी विसाव्या शतकातील एका अतिशय गाजलेल्या थेट प्रक्षेपणाच्या वाट्याला आल्या. ते प्रक्षेपण होते अपोलो ११ मोहिमेचे.

नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रभूमीवर पडले तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार २१ जुलै १९६९ रोजीचे २ वाजून ५६ मिनिटे झाली होती. भारतात ती सोमवारची सकाळ होती, ८ वाजून २६ मिनिटांची. जगभरात सुमारे ६० कोटी लोकांनी हे दृश्य पाहिले, असा अंदाज सांगितला जातो. त्यांत महाराष्ट्रातील घरे नव्हती. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि परदेशांशी उपग्रहाने जोडणारे पुणे जिल्ह्यातील आर्वीचे भूकेंद्रही १९७०च्या दशकातले. चंद्रविजयाची वार्ता येथे पोहोचली ती रेडिओच्या आवाजातून आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून.

ज्यांनी ते पाहिले, त्यांना दिसले ते मात्र धूसर, भुताटकीसारखे काहीतरी. पांढऱ्या आकृत्या एकमेकींत मिसळत होत्या आणि त्यांच्या आरपार क्षितिज दिसल्याचा भास होत होता. पुढे ‘हे सारे स्टुडिओत रचलेले नाटक’ असे म्हणणाऱ्यांनी या धूसरपणाचा मनसोक्त उपयोग करून घेतला. गंमत अशी की चंद्रावरून पृथ्वीवर येऊन पोहोचलेले चित्र इतके वाईट नव्हतेच. ते बिघडले पृथ्वीवर आल्यानंतर, एका खोलीत, एका यंत्रासमोर दुसरे यंत्र उभे केल्यामुळे.

हे का करावे लागले, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

त्या काळी अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ आडव्या ओळींचे असे आणि सेकंदाला अशी ३० चित्रे दाखवली जात. प्रत्येक चित्र दोन खेपांत रेखाटले जाई : आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या उरलेल्या ओळी. अशा एका खेपेला ‘फील्ड’ म्हणतात. म्हणजे सेकंदाला ६० फील्ड. हा ६० चा आकडा तेथील घरगुती विजेच्या ६० हर्ट्झ वारंवारितेवरून आला. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून तेथे फील्डही ५०. इतक्या वेगाने इतक्या ओळी पाठवायच्या तर प्रसारणमार्गही तेवढाच रुंद लागतो, चाळीस लाख हर्ट्झहून अधिक.

चांद्रयानाकडे एवढा मार्ग नव्हता. अंतराळवीरांचे बोलणे, त्यांच्या हृदयाचे ठोके, यानाच्या यंत्रांची मोजमापे आणि चित्र हे सारे एकाच रेडिओ दुव्यावरून यायचे होते. त्यातून चित्राच्या वाट्याला जेमतेम पाच लाख हर्ट्झ आले. म्हणून वेस्टिंगहाउस कंपनीत स्टॅन लेबार यांच्या नेतृत्वाखाली घडवलेल्या कॅमेऱ्याने वेगळाच हिशेब पत्करला : ३२० ओळी आणि सेकंदाला केवळ १० चित्रे. गुणाकार करून पाहावा. घरगुती संचाला सेकंदाला १५,७५० ओळी लागत. चंद्रावरून येत होत्या ३,२००. सव्वातीन किलोच्या आसपास वजन आणि सुमारे साडेसहा वॅट वीज एवढ्या भांडवलावर, प्रखर ऊन आणि काळीकुट्ट सावली एकाच चौकटीत असताना, त्या कॅमेऱ्याने जे केले ते थोर म्हणावे लागेल.

आता अडचण अशी की ३२० ओळींचे, सेकंदाला १० चित्रांचे हे प्रक्षेपण जगातला कोणताही घरगुती संच दाखवू शकत नव्हता. ते बदलणे भाग होते, तेही तत्काळ.

चित्रांचा वेग जुळला नाही की काय होते, याचा अनुभव मराठी प्रेक्षकाला नवा नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्या काळचे मूकपट हाताने दांडा फिरवून, बहुधा आजच्यापेक्षा पुष्कळ कमी वेगाने चित्रित होत. पुढे बोलपटांमुळे सेकंदाला २४ चित्रे हा दंडक रूढ झाला. जुनी फीत या नव्या वेगाने चालवली की राजा काय, ऋषी काय, सगळे तुरुतुरु पळू लागतात. फाळक्यांची पात्रे पळत नव्हती. पळवले ते नंतरच्या यंत्राने. चंद्रावरचे चित्र मात्र पळवता येणार नव्हते, कारण ते थेट होते. तेथे एक सेकंद म्हणजे एकच सेकंद भरायचा होता.

आज असा बदल संगणक स्मृतीत चित्र साठवून करतो. १९६९ मध्ये चित्राची एक अख्खी चौकट साठवू शकेल अशी स्वस्त इलेक्ट्रॉनिक स्मृती उपलब्धच नव्हती. आरसीए कंपनीने त्यावर जो उपाय केला, तो ऐकून आज हसू येईल. चंद्रावरचे चित्र एका लहान, सुमारे दहा इंची पडद्यावर उमटवायचे आणि त्या पडद्यासमोर दूरचित्रवाणीचा नेहमीचा कॅमेरा रोखून ठेवायचा. सिनेमागृहात बसून पडद्यावरचे चित्रपट मोबाइलने टिपणाऱ्यांचीच ही पद्धत!

त्यात एक चातुर्य होते. पडद्यावर एक चित्र पूर्ण उमटले की समोरचा कॅमेरा त्याचे एकच फील्ड टिपे. ते फील्ड त्याच वेळी एका फिरत्या चुंबकीय चकतीवर मुद्रित होई आणि पुढचे चित्र येईपर्यंत चकती तेच आणखी पाच वेळा वाजवी. दहा चित्रे, प्रत्येकाच्या सहा आवृत्त्या : साठ फील्ड. हिशेब चोख जुळला. घरच्या संचाला वाटले, आपल्याला हवे तेच मिळते आहे.

पण किंमत मोजावी लागली. एका फील्डमध्ये मावतात सुमारे २६२ ओळी, म्हणजे ३२० ओळींतला तपशील येथेच कमी झाला. पडद्यावरचा प्रकाश विझायला वेळ लागे आणि टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या नळीतही आधीच्या चित्राचा अंश रेंगाळे. त्यामुळे हललेल्या माणसाची जुनी छाया नव्या चित्रात शिल्लक राही. ‘भुते’ जन्माला आली ती अशी. आजही सेकंदाला २४ चित्रांची फाइल ३० ची करताना एखादे सॉफ्टवेअर दोन शेजारच्या चित्रांची सरमिसळ करून मधले चित्र तयार करते, तेव्हा हीच दुहेरी आकृती दिसते. कारण वेगळे असले तरी रोग त्याच जातीचा.

ही रूपांतरयंत्रे दोन खंडांत मांडलेली होती. एक कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन केंद्रावर, एक ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक येथे, आणि एक सिडनी शहरात. पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने पकडलेला संकेत या सिडनीच्या यंत्राकडे जाई. ऑस्ट्रेलियातील दोहोंपैकी बरे चित्र निवडून ते उपग्रहमार्गे ह्यूस्टनला पाठवायचे, आणि ह्यूस्टनने ते व गोल्डस्टोनचे चित्र ताडून एक जगाला द्यायचे, अशी रचना होती.

मूळ वेळापत्रकानुसार अंतराळवीर आधी विश्रांती घेणार होते. पण उतरल्यावर झोप कोणाला येणार? त्यांनी लवकर बाहेर पडण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्यामुळे दार उघडले तेव्हा पार्क्सच्या क्षितिजावर चंद्र नुकताच येत होता. त्याच दुपारी तेथे ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाचे झोत दुर्बिणीच्या तबकडीवर आदळले. एरवी अशा वाऱ्यात तबकडी आकाशाकडे सरळ करून काम थांबवायचे, हा नियम. संचालक जॉन बोल्टन यांनी त्या दिवशी ती कललेलीच राहू दिली.

शिडीवरून उतरताना आर्मस्ट्राँग यांनी यानाच्या बाजूची एक घडी उघडली. कॅमेरा तिच्यात बसवलेला होता. आत बझ ऑल्ड्रिन यांनी विद्युतमंडल जोडले आणि ह्यूस्टनमध्ये चित्र आले. आले, पण उलटे. शिवाय इतके भडक, की वर निव्वळ काळोख आणि खाली निव्वळ पांढरे. चित्र दिसते आहे, पण ते उलटे आहे, हे नियंत्रण कक्षाने चंद्रावर कळवलेही.

उलटेपणात अनपेक्षित असे काही नव्हते. जागा आणि जाड हातमोज्यांची पकड यांचा विचार करून कॅमेरा त्या घडीत मुद्दामच डोके खाली करून बसवला होता. म्हणून प्रत्येक रूपांतरयंत्रावर चित्र सुलटे करणारी एक कळ होती. ती वेळेवर दाबायची, एवढेच. हनीसकल क्रीकला यंत्रावर बसलेले एड फॉन रेनुआर्ड यांच्याकडचे चित्र सुलटे झाले. गोल्डस्टोनला थोडा वेळ लागला. मोबाइलच्या फाइलचे आज नेमके हेच होते. फोन चित्र आडवेच लिहितो आणि सोबत ‘हे इतके फिरवून दाखवावे’ अशी टीप जोडतो. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती टीप वाचली नाही, की लग्नातली वरात भिंतीवरून चालू लागते. चित्र चुकलेले नसते. सोबतची सूचना वाटेत गळालेली असते.

भडकपणाचे मूळही तसेच होते. गोल्डस्टोनच्या यंत्रात काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या जशा बसवायला हव्या होत्या तशा बसलेल्या नव्हत्या. संकेत सबळ, अँटेना ६४ मीटरची, तरीही चित्र निकामी. उलट हनीसकल क्रीकची तबकडी २६ मीटरचीच; तिचा संकेत दुबळा, चित्रात खरखर, पण पातळ्या जुळलेल्या. ह्यूस्टनने दोन्ही पाहिली आणि दुबळ्या संकेताचे चित्र निवडले. पहिले पाऊल जगाने पाहिले ते या लहान केंद्रावरून. सुमारे नऊ मिनिटे झाली तोवर चंद्र पार्क्सच्या मुख्य टप्प्यात आला होता; त्याचे चित्र सरस निघाले आणि पुढचा जवळजवळ सगळा काळ तेच राहिले. मध्येच आर्मस्ट्राँग यांनी कॅमेरा घडीतून काढून दूर तिकाटण्यावर उभा केला. आता तो सुलटा होता, म्हणून ती कळही पुन्हा पूर्ववत करावी लागली.

ह्यूस्टनवरून पुढे युरोपात जाताना या चित्राचे आणखी एकदा रूपांतर झाले, ५२५ ओळी व ६० फील्डमधून ६२५ ओळी व ५० फील्डमध्ये. लंडनच्या प्रेक्षकाने पाहिलेली आकृती अशी दुसऱ्यांदा भाषांतरित झालेली होती.

सुमारे अडीच तासांचा तो चंद्रविहार संपला. अंतराळवीर परतले ते स्वच्छ रंगीत छायाचित्रे आणि १६ मिलिमीटर फितीवरचे चित्रण घेऊन. चंद्रावरच्या प्रवासाची स्थिरचित्रे इतकी नितळ आणि दूरचित्रवाणीचे चित्र इतके मळकट का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर हे, की फिल्म पृथ्वीवर हाताने आणली गेली, तिला रूपांतराची ती खोली ओलांडावी लागली नाही.

आता चौथी तक्रार.

रूपांतर ऐन वेळी फसले तर? हा धोका ओळखून केंद्रांवर एक खबरदारी घेतलेली होती. चंद्रावरून येणारा मूळ संकेत, रूपांतराच्या आधीचा, इतर मोजमापांसह एक इंच रुंदीच्या, १४ पट्ट्यांच्या चुंबकीय फितींवर मुद्रित होत होता. थेट प्रक्षेपण कोसळलेच, तर या फिती वाजवून चित्र पुन्हा मिळवता येणार होते. प्रक्षेपण कोसळले नाही. आणि म्हणूनच त्या फितींची कोणाला गरज उरली नाही.

फिती अमेरिकेत गॉडार्ड अंतराळ केंद्राकडे गेल्या, तेथून राष्ट्रीय अभिलेखांच्या गोदामात, आणि काही वर्षांनी परत मागवल्या गेल्या. पेट्यांवर ‘चंद्रावरचे पहिले पाऊल’ असे काही ठळक लिहिलेले नव्हते; मोजमापांच्या हजारो फितींतल्या त्याही काही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या आरंभी नासाला चुंबकीय फितींची चणचण भासू लागली. लँडसॅटसारख्या उपग्रहांची मोजमापे साठवायला फिती हव्या होत्या. जुन्या फिती पुसून, तपासून, पुन्हा वापरात आणण्याचा शिरस्ता होता आणि तो नेकीने पाळला गेला. यात कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती. कारकुनी शिस्त मात्र होती, आणि हातातल्या वस्तूची ओळख कोणालाच नव्हती.

या काळात फिती पुसणे ही जगभरचीच रीत होती. त्या रात्रीचे बीबीसीच्या स्टुडिओतील चित्रमुद्रणही बहुतांशी असेच नाहीसे झाले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही निवृत्त अभियंत्यांनी आणि अभ्यासकांनी या फितींचा शोध सुरू केला. कॅमेऱ्याचे जनक स्टॅन लेबार त्यांत होते. गोल्डस्टोनचे बिल वुड, गॉडार्डचे डिक नाफ्झगर आणि पार्क्सचे जॉन सार्किसियन होते. त्यांचा तर्क सरळ होता. १९६९ चे यंत्र जे करू शकले नाही ते आजचा संगणक सहज करील. मूळ फीत हाती लागली, तर पडद्यासमोर कॅमेरा रोखण्याची गरजच नाही. ३२० च्या ३२० ओळी, भुतांशिवाय, जशाच्या तशा मिळतील. लेबार यांच्यासाठी तर ही आपण घडवलेल्या कॅमेऱ्याची खरी दृष्टी जगाला दाखवण्याची संधी होती.

फिती सापडल्या नाहीत. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर करण्यात आला.

मग उरले ते रूपांतरित चित्र. त्याच वर्षी, मोहिमेला ४० वर्षे होत असताना, नासाने निरनिराळ्या ठिकाणच्या प्रती गोळा केल्या : सिडनीच्या मुद्रणाची प्रत, सीबीएस वाहिनीच्या संग्रहातील फीत, ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातील पडद्यावरून घेतलेले चित्रपट. कॅलिफोर्नियातील लाउरी डिजिटल या संस्थेने त्यांवरची खरखर कमी केली, उजेडाची चढउतार सावरली, कडा स्थिर केल्या. चित्र पुष्कळ सुधारले. परंतु सहा वेळा आवृत्त झालेल्या फील्डमधून सातवा तपशील निघत नाही, आणि २६२ ओळींतून गळालेल्या ओळी परत येत नाहीत. रूपांतर ही बहुधा एकेरी वाट असते : तांदळाचे पीठ होते, पिठाचे तांदूळ होत नाहीत.

२०१९ मध्ये न्यू यॉर्कच्या सदबीज लिलावगृहात अपोलो ११ च्या तीन चित्रफिती १८ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकल्या गेल्या. नासात उमेदवारी केलेल्या एका विद्यार्थ्याने १९७६ मध्ये सरकारी भंगाराच्या लिलावात हजारांहून अधिक फितींचा ढीग २१७.७७ डॉलरला उचलला होता. त्यातल्या या तीन. हरवलेले मूळ सापडले, अशी आवई तेव्हा उठली. त्या होत्या ह्यूस्टनला मुद्रित झालेल्या प्रती, म्हणजे रूपांतरानंतरच्याच. उत्तम जपलेल्या, मात्र उलटी वाट त्यांच्याकडेही नाही.

रूपांतराआधीचे चित्र मात्र सर्वस्वी नाहीसे झालेले नाही. हनीसकल क्रीकच्या त्या लहान पडद्याची काही स्थिर छायाचित्रे तेथल्या कर्मचाऱ्यांनी ड्यूटीवर असताना, केवळ आठवण म्हणून टिपली होती. एड फॉन रेनुआर्ड यांनी तर स्वतःचा हौशी सुपर-८ कॅमेरा आणून पडद्याचे थोडे चित्रण करून ठेवले होते. तेही पडद्यासमोर कॅमेरा रोखूनच, पण मधल्या यंत्राला वगळून. घरोघरी दिसलेल्या चित्राशेजारी ही छायाचित्रे ठेवली की यानाच्या सावलीतली शिडी आणि तिच्यावरचा माणूस कितीतरी स्पष्ट ओळखू येतो. चंद्रावरून त्या दिवशी खरोखर काय येत होते, ते आज पाहायचे तर एवढेच साधन आहे.